एक पाण्याला भीत नाही, दुसरा अंधाराला

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला घाटघर, पूर्व टोकाला आणे. जुलैत घाटघरच्या पठारावर छत्री उलटी होऊन हातात नुसत्या काड्या उरतात, त्याच दिवशी आणे पठारावर माणसं आभाळाकडे डोळे लावून बसलेली असतात. शेजारच्या आंबेगावातही तीच तऱ्हा. आहुपे-कोंढवळकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही आणि लोणी-धामणीच्या पट्ट्यात पाण्यासाठी वर्षानुवर्षं वणवण. घाटमाथ्यावरचं धुकं, उसातला अंधार आणि यात्रेतला फुफाटा एवढ्या लहान टापूत भेटतो, त्यामुळे कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला हा मुलूख फार चांगला.

पावसाळा जवळ आला की हौशी मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: पाण्यात चालणारा छोटा कॅमेरा घ्यावा की थोडे पैसे साठवून मिररलेसच घ्यावा? यावर 'मिररलेस चांगला' हे उत्तर जितकं बरोबर तितकंच निरुपयोगी. फोटो कशाचा, कुठे आणि किती वाजता, हे कळल्याशिवाय यातलं काही ठरत नाही.

पहिला प्रकार रग्ड कॉम्पॅक्टचा. नमुन्यादाखल ऑलिम्पसचा टफ टीजी-६ घेऊ. हा २०१९ साली आला. पुढे ऑलिम्पसचा कॅमेऱ्यांचा धंदा १ जानेवारी २०२१ पासून ओएम डिजिटल सोल्युशन्स या वेगळ्या कंपनीकडे गेला आणि २०२३ मध्ये याच घराण्यातला टीजी-७ 'ओएम सिस्टिम' या नावाने निघाला. टीजी-६ बॅटरीसकट जेमतेम पाव किलोचा. १५ मीटर खोल पाण्यात चालतो, २.१ मीटरवरून पडला तर सहन करतो, १०० किलोचा भार पेलतो आणि उणे १० अंशांतही बंद पडत नाही, असा कंपनीचा दावा. उणे १० अंश आपल्याला कशाला लागतात म्हणा, पण २.१ मीटरचा उपयोग आहे. जीवधन गडाच्या पायऱ्यांवर हात सुटला की कॅमेरा साधारण तेवढ्याच उंचीवरून पडतो. असे दणकट कॅमेरे सगळेच काही सहलीला जाणाऱ्यांसाठी निघाले नाहीत. जपानमध्ये कोनिकाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस बांधकामावरच्या मुकादमांसाठी खास मजबूत कॅमेरा काढला होता. चिखल, सिमेंट, पाऊस आणि रोजचा पुरावा, एवढंच त्याचं काम.

दुसरा प्रकार मिररलेसचा. जुन्या एसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आदळून वर डोळ्याकडे जायचा आणि बटण दाबलं की आरसा खट्कन वर उचलला जायचा. मिररलेसमध्ये तो आरसाच काढून टाकला. सेन्सर सतत बघत असतो आणि त्याला दिसतं तेच आपल्याला छोट्या पडद्यावर दिसतं. पॅनासॉनिकचा जी१ हा या घाटाचा पहिला कॅमेरा २००८ साली आला, सोनीचा पूर्ण आकाराच्या सेन्सरचा ए७ २०१३ मध्ये, आणि २०२० मध्ये जपानी कंपन्यांकडून दुकानांकडे निघालेल्या मालात मिररलेसने एसएलआरला मागे टाकलं. लांब लेन्ससह संच घ्यायचा तर तीन-चार लाखांना सहज कात्री लागते. रग्ड कॉम्पॅक्ट बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीत येतो.

या दोघांमधला खरा फरक समजून घ्यायचा तर नारायणगावजवळ खोडदला जावं. तिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. काही एका ठिकाणी दाटीने, बाकीच्या तीन फाट्यांवर दूरवर पसरलेल्या. एवढा खटाटोप कशासाठी? आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी अतिशय क्षीण असतात. त्या पुरेशा गोळा करायच्या तर झेलायचं क्षेत्रफळ वाढवावं लागतं, त्याला दुसरा उपाय नाही. कॅमेऱ्याच्या बाबतीत तबकडीच्या जागी लेन्सचं भोक येतं. टीजी-६ ची लेन्स रुंद बाजूला असते तेव्हा तिची खरी नाभीय लांबी ४.५ मिलिमीटर आणि छिद्र एफ/२, म्हणजे प्रकाश आत यायला सव्वादोन मिलिमीटरचं दार. तेवढाच देखावा पूर्ण आकाराच्या सेन्सरवर एफ/२ ने टिपायचा तर लेन्स २५ मिलिमीटरची लागते आणि तिचं दार साडेबारा मिलिमीटरचं. व्यास साडेपाच पट, म्हणून क्षेत्रफळ तीस पट. एकाच क्षणी एका कॅमेऱ्यात जेवढा उजेड शिरतो त्याच्या तीस पट दुसऱ्यात.

सेन्सरचा हिशेबही तिथेच येऊन थांबतो. टीजी-६ चा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे २८ चौरस मिलिमीटर. पूर्ण आकाराचा ३६ बाय २४, म्हणजे ८६४. व्यवहारात याचा अर्थ असा की मोठ्या सेन्सरवर आयएसओ ६४०० ला फोटोत जेवढे दाणे दिसतात, तेवढे लहान सेन्सरवर २०० च्या आसपासच दिसू लागतात. दोन्ही सेन्सर एकाच पिढीतले धरले तर. 'बारा मेगापिक्सेल की चोवीस' या वादात दुकानातला अर्धा वेळ जातो, पण पिक्सेलची संख्या इथे दुय्यम आहे. सगळ्या सेन्सरवर मिळून किती उजेड पडतो, त्यावर फोटो उभा राहतो.

मग मोठा सेन्सर त्या दणकट डब्यातच का बसवत नाहीत? अडचण भूमितीची आहे. रग्ड कॅमेऱ्याची लेन्स झूम करताना बाहेर येत नाही. नळी बाहेर सरकली की तिच्या कडेने पाणी आत शिरायला वाट मिळते, म्हणून सगळी भिंगं बंद काचेमागे, डब्याच्या आतल्या आतच हलवावी लागतात. सेन्सर मोठा केला की त्याला पुरेल अशी लेन्स लांबी, रुंदी, जाडी अशी तिन्ही अंगांनी वाढते आणि खिशातला डबा जेवणाच्या डब्याएवढा होतो. त्यात मिररलेसची लेन्स काढता-घालता येते. म्हणजे कॅमेऱ्याच्या छातीवरच भोक. त्याला रबरी कडा लावून शिंतोडे थोपवता येतात, पण त्याला पाण्यात बुडवायचं धाडस कंपनी सहसा करत नाही. समुद्रात जाणारे लोक मिररलेसभोवती वेगळं जाडजूड कवच बसवतात. ते कवच पाठीवर घेऊन नाणेघाट उतरून दाखवावा.

नाणेघाटाचा विषय निघालाच आहे, तर पावसाकडे वळू. मिररलेसच्या जाहिरातीत 'वेदर सील्ड' असा शब्द असतो आणि लोक तो 'वॉटरप्रूफ' असा वाचतात. बहुतेक कंपन्या या शब्दामागे कोणताच आकडा देत नाहीत. २०२२ मध्ये आलेल्या ओएम-१ ने आयपी५३ असा आकडा दिला, तेही ठरावीक लेन्स लावली तर. त्यातला ५ धुळीचा, म्हणजे थोडी धूळ शिरली तरी काम अडणार नाही, आणि ३ पाण्याचा, म्हणजे वरून व तिरक्या येणाऱ्या फवाऱ्यापासून संरक्षण. घाटमाथ्यावरचा पाऊस मात्र वरून येतो असं कुणी सांगितलं? कड्यावरून वारा उलटा वर चढतो आणि धबधब्याचं पाणी खालून तोंडावर मारतो. तिथे फवाऱ्याची दिशा प्रयोगशाळेने ठरवलेली नसते.

रग्ड कॅमेऱ्यालाही मर्यादा आहेत. आयपीएक्स८ म्हणजे ठरलेल्या खोलीवर पाण्यात बुडवून घेतलेली परीक्षा. जोराची धार अंगावर घेण्याची परीक्षा वेगळी, तिचा आकडा ५ किंवा ६. म्हणून १५ मीटर लिहिलेला कॅमेरा कोंढवळच्या धबधब्याखाली थेट धारेत धरणं शहाणपणाचं नाही. शिवाय सगळी मदार बॅटरीच्या झाकणामागच्या एका रबरी पट्टीवर. त्या पट्टीवर वाळूचा कण, गवताची काडी, अगदी एखादा केससुद्धा अडकला तर पाण्याला तेवढं पुरतं. झाकण उघडायचं ते कोरड्या हातांनी, कोरड्या जागी, आणि बंद करण्याआधी पट्टी बोटाने चाचपून. ही पट्टी दर वर्षी बदलून घ्यावी असं कंपनीच सांगते. प्रत्यक्षात ती कुणी बदलत नाही आणि चौथ्या पावसाळ्यात कॅमेऱ्यात पाणी गेलं की जो तो कंपनीच्या नावाने बोटं मोडतो.

पाणी शिरण्यापेक्षा जास्त फोटो धुक्याने जातात. बाहेरच्या नव्हे, काचेवरच्या. माळशेजकडे जाताना गाडीत एसी लावलेला असतो, कॅमेरा थंड होतो आणि दार उघडून तो बाहेर काढला की दमट हवेतली वाफ काचेवर बसते. गार ताकाच्या पेल्याला घाम फुटतो तोच हा प्रकार. पुसून फायदा नाही, काच हवेइतकी ऊबदार होईपर्यंत ती पुन्हा येतच राहते. उपाय साधा: घाट चढायला लागायच्या आधीच एसी बंद करावा किंवा कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवावा आणि तो बाहेरच्या हवेला सरावला की मगच काढावा. वाफ काचेच्या बाहेर असेल तर ठीक. आतून बसली तर त्या दिवसाचं काम संपलं. टीजी-६ मध्ये पुढची काच दुहेरी केली आहे ती यासाठीच.

मिररलेसवाल्याला याहून मोठा शत्रू म्हणजे बुरशी. लेन्सच्या आत भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात आणि ते भिंगावरचा लेप खातात. सप्टेंबरपर्यंत कपाटात कोंडून ठेवलेल्या लेन्सला ही लागण हमखास. घरात दमटपणा ६०-६५ टक्क्यांच्या वर महिनोन्‌महिने राहिला की बुरशीला रान मोकळं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्यावर काम भागतं. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. कातडी बॅगेत मात्र लेन्स ठेवू नये. कातडं ओलावा धरून ठेवतं.

आता छोट्या कॅमेऱ्याची खरी कमाल. दुर्गवाडी, हातवीज, घाटघर या भागातल्या सड्यांवर पावसाळ्यात मातीचा पातळसा थर आणि त्यावर बोटभर उंचीची झाडं येतात. त्यात सीतेची आसवं आहेत, किडे पकडून खाणारी दवबिंदू आहे. दवबिंदूच्या पानावरचा एकेक चिकट थेंब टाचणीच्या टोकाएवढा. हा थेंब टिपायचा तर मिररलेसला मॅक्रो लेन्स हवी, तीही पुरेशी नाही, कारण साधी मॅक्रो लेन्स वस्तूला सेन्सरवर तिच्याच आकाराएवढी उतरवते. ३६ मिलिमीटरच्या सेन्सरवर अर्ध्या मिलिमीटरचा थेंब म्हणजे फोटोत एक ठिपका. त्यातही फोकसची खोली कागदाच्या जाडीएवढी. खोली वाढवायला छिद्र बारीक केलं की उजेड कमी, उजेड कमी म्हणून फ्लॅश, फ्लॅशला छत्री आणि छत्रीला वारा.

टीजी-६ लेन्सपासून एक सेंटिमीटरवर फोकस करतो आणि झूम पूर्ण ओढून जवळजवळ ५ मिलिमीटर रुंदीचा तुकडा अख्ख्या चौकटीत भरतो. अंधारात जो सेन्सरचा लहानपणा अंगलट येतो, तोच इथे उपयोगी पडतो. तेवढ्याच चौकटीसाठी लहान सेन्सरवर फोकसची खोली जास्त मिळते. याचं एफ/२ हे खोलीच्या हिशेबात मोठ्या सेन्सरवरच्या एफ/११ सारखं वागतं. शिवाय कॅमेरा स्वतःच फोकस थोडा थोडा पुढे सरकवत अनेक फोटो काढतो आणि त्यांतला स्पष्ट तेवढा भाग जोडून एक फोटो तयार करतो. कॅमेरा खडकावर टेकवायचा, चिखलात ठेवायचा, पाऊस पडतोय तर पडू द्यायचा. ओल्या सड्यावर पोटावर झोपून दवबिंदूच्या पानापर्यंत पोचायला मिररलेसवाल्याला आधी ताडपत्री अंथरावी लागते.

एक सेंटिमीटरचा तोटाही आहे. एवढ्या जवळ गेलं की कॅमेऱ्याची सावली त्याच पानावर पडते, त्यासाठी लेन्सभोवती बसणारं प्रकाशाचं कडं वेगळं मिळतं ते घ्यावं. आणि बेडूक, नाकतोडा, चतुर यांना एक सेंटिमीटरवर येणारा कॅमेरा आवडत नाही. ते उडी मारतात. पळणारं काही असेल तर हातभर अंतरावरून टिपणारी लांब मॅक्रो लेन्स आणि मिररलेस यांना पर्याय नाही.

पळणं आणि न पळणं. सगळी तुलना माझ्या मते इथेच येऊन ठरते. याचा पुरावा नाणेघाटातच आहे. घाटाच्या माथ्याजवळच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्राकृत भाषेतला, ब्राह्मी लिपीतला लेख आहे. यज्ञांत दिलेल्या दानांची त्यात मोजदाद आहे, आणि भारतीय अंकांच्या इतिहासात त्यातल्या अंकचिन्हांना मोठं महत्त्व आहे. कर्नल विल्यम साइक्स यांच्या नजरेला हा लेख १८२८ मध्ये पडला. दोन हजार वर्षांच्या वाऱ्यापावसाने अक्षरं झिजली आहेत. समोरून फ्लॅश मारून फोटो काढला तर भिंत सपाट, पिवळट दिसते आणि लेख जवळजवळ नाहीसा होतो. कॅमेऱ्याच्या अंगातला फ्लॅश लेन्सच्या शेजारीच असतो, त्यामुळे अक्षराच्या खाचेत सावलीच पडत नाही.

दिवा भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने धरायचा. प्रकाश भिंतीवरून घसरत गेला की प्रत्येक खाचेच्या एका कडेला काळी रेघ उमटते आणि डोळ्यांना न दिसलेलं अक्षर फोटोत उठून येतं. दिवा आधी डावीकडून, मग वरून, मग उजवीकडून धरून तीन फोटो घ्यावेत, कारण उजेडाच्या दिशेत कोरलेली रेघ त्या फोटोत बुजते. याच युक्तीला पुढे नेत टॉम माल्झबेंडर यांनी एचपीच्या प्रयोगशाळेत २००१ मध्ये, अनेक दिशांनी उजळलेल्या फोटोंवरून संगणकात पृष्ठभाग 'हलवून' बघण्याची पद्धत काढली. पुरालेखांच्या अभ्यासात ती आता सर्रास वापरतात.

यासाठी मिररलेस लागतो का? लागत नाही. भिंत हलत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवला, आयएसओ सगळ्यात कमी ठेवला आणि एक-दोन सेकंद उजेड आत येऊ दिला की छोट्या दाराची भरपाई वेळ करतो. साधी टॉर्च, ती धरणारा एक सोबती आणि टीजी-६ एवढ्या सामानात या लेखाचा वाचता येण्याजोगा फोटो निघतो. मिररलेसचा फोटो त्याहून तपशिलाचा असेल, पण फरक तीस पटींचा मुळीच नाही. (अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू भरणारे महाभाग अजून भेटतात. हा प्रकार दगडाला घातक आहे आणि फोटोलाही.)

भीमाशंकरच्या रानात मात्र वेळ उधार मिळत नाही. अभयारण्य १९८५ सालचं, क्षेत्रफळ १३०.७८ चौरस किलोमीटर, आणि त्याची शान म्हणजे शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. भर दुपारीही झाडोऱ्याखाली उजेड मरगळलेला असतो आणि शेकरू एका फांदीवर सेकंदभर टिकत नाही. तो वीस मीटरवर आहे असं धरू, शेपूट सोडून अंग चाळीस सेंटिमीटरचं. टीजी-६ ची लेन्स पूर्ण ओढली तरी तिची खरी लांबी १८ मिलिमीटर, त्यामुळे शेकरूची प्रतिमा सेन्सरवर ०.३६ मिलिमीटरची पडते. चौकटीच्या रुंदीचा जेमतेम सतरावा भाग. ६०० मिलिमीटरची लेन्स लावलेल्या मिररलेसवर तीच प्रतिमा १२ मिलिमीटरची, म्हणजे चौकटीचा तिसरा हिस्सा. आणि दारांची तुलना तर विचारूच नका: छोट्याचं ३.७ मिलिमीटर, ६०० मिलिमीटर एफ/६.३ लेन्सचं ९५ मिलिमीटर. इथे डिजिटल झूमचं बटण दाबणं म्हणजे नसलेला तपशील ताणून मोठा करणं.

मिररलेसची दुसरी ताकद गेल्या काही वर्षांतली. सेन्सर सतत बघत असतो, त्यामुळे त्याला डोळा ओळखायला शिकवता आलं. सोनीने २०१९ मध्ये प्राण्यांचे डोळे पकडणारा फोकस आणला, कॅननच्या आर५ ने २०२० मध्ये पक्षीही ओळखायला सुरुवात केली. फांद्यांच्या जाळीतून शेकरूच्या डोळ्यावर चौकोन चिकटला की शेकरू पळाला तरी तो सुटत नाही. शटरचा आवाजही बंद करता येतो. जुन्या एसएलआरच्या खटक्याने किती पाखरं उडाली असतील त्याची गणती नाही.

तर मग बिबट्या मिररलेसनेच टिपायचा ना? जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर असे चार तालुके येतात आणि उसाच्या या पट्ट्यात बिबट्या हा गावकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातला विषय आहे. पकडलेल्या, जखमी बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. पण बिबट्याबद्दल विज्ञानाला जे कळलं ते लाखोंच्या लेन्समधून नाही, झाडाला बांधलेल्या कॅमेरा ट्रॅपमधून. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी असे कॅमेरे लावले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, जंगल नसलेल्या, दाट वस्तीच्या शेतशिवारात १०० चौरस किलोमीटरला साधारण पाच प्रौढ बिबटे असल्याचं दिसलं, आणि जवळपास तितकेच तरसही. गावाशेजारच्या शेतात बिबटे कायमचे राहतात, ते जंगलातून वाट चुकून आलेले नसतात, हे त्यातून पुढे आलं.

हा ट्रॅप म्हणजे रग्ड कॅमेऱ्याचाच चुलतभाऊ. छोटा सेन्सर, साधी लेन्स, पावसापाण्याला टिकणारी पेटी, आणि समोरून ऊबदार शरीर हललं की जागा होणारा उष्णतेचा संवेदक. वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे लावतात, कारण बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरच्या ठिपक्यांची नक्षी सारखी नसते, आणि एकेक बिबट्या ओळखायचा तर दोन्ही कुशी हव्यात. अदृश्य इन्फ्रारेड दिव्याने काढलेले रात्रीचे फोटो करडे आणि बरेचदा पुसट येतात. ठिपके स्पष्ट हवे असतील तर पांढरा फ्लॅश बरा. फोटो देखणा नसतो, बिबट्याचं डोकं कधी कधी चौकटीबाहेर. पण कूस आली की काम झालं. संध्याकाळी उसाच्या बांधावर महागडा कॅमेरा घेऊन बिबट्याची वाट बघणाऱ्या हौशी मंडळींना माझा सल्ला एवढाच की गाडीतून उतरू नये. गावकऱ्यांना त्या वेळी तिथून जाणं भाग असतं, तुम्हाला नसतं.

धुळीबद्दल थोडक्यात. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावर बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि थापलिंगच्या खंडोबाच्या यात्रेपासून गावोगावच्या शर्यतीच्या घाटांत भंडारा, धूळ आणि हलगीचा गजर परतला. इथे वेग टिपायचा असतो, म्हणजे काम मिररलेसचं. पण घाटात उभं राहून लेन्स बदलू नये. आरसा नसल्यामुळे सेन्सर उघडा पडतो आणि धुळीचा कण त्यावर बसला की पुढच्या प्रत्येक फोटोत आभाळात तोच डाग. दुसरं म्हणजे मूक शटर इथे बंद ठेवावं. बहुतेक सेन्सर एकेक ओळ वाचत खाली येतात आणि वाचून होईपर्यंत गाडा पुढे सरकलेला असतो, त्यामुळे चाकाचे आरे वाकडे आणि बैल मागे कललेले येतात. सोनीचा ए९ तिसरा हा सगळा सेन्सर एकदम वाचणारा कॅमेरा २०२३ च्या अखेरीस जाहीर झाला, पण त्याच्या किमतीत बैलजोडीच येईल.

काजव्यांबाबत मात्र छोट्या कॅमेऱ्याने मला चकित केलं. मे सरता सरता, वळवाच्या सरी पडून गेल्यावर, घाटमाथ्यावरच्या हिरड्या-सादड्यांवर काजवे लखलखतात. टीजी-६ मध्ये एक सोय आहे. कॅमेरा लागोपाठ फोटो घेत राहतो आणि दर फोटोतला आधीपेक्षा उजळ झालेला ठिपकाच तेवढा मूळ चित्रात मिळवतो. आभाळ जळून पांढरं पडत नाही आणि काजव्यांच्या ठिणग्या पडद्यावर डोळ्यांदेखत साठत जातात. मिररलेसवाले घरी येऊन संगणकावर शेकडो फोटो जोडत बसतात, ते काम इथे झाडाखालीच होतं. पण पुन्हा दार आडवं येतं. काजवा चमकून विझतो, त्याला थांबायला सांगता येत नाही. २४ मिलिमीटर एफ/१.४ लेन्सचं दार १७ मिलिमीटरचं, म्हणजे छोट्याच्या पन्नास पटींहून अधिक उजेड. जवळच्या फांदीवरचे काजवे दोघांनाही मिळतात, पलीकडच्या झाडावरचे एकालाच. भीमाशंकरच्या कुजक्या काटक्यांवर पावसाळ्यात मंद हिरवट चमकणारी बुरशी असते, ती तर मोठ्या सेन्सरचंच काम. अभयारण्यात रात्री परवानगीशिवाय शिरू नये आणि काजव्यांवर टॉर्च मारू नये. उजेडात त्यांचे एकमेकांना दिलेले इशारे बुडतात.

राहिला मोबाइल. २०१० साली जपानी कंपन्यांनी जगभर बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे धाडले होते, २०२३ मध्ये ७७ लाखांच्या आसपास. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचा बळी मोबाइलने घेतला. तोही आता पाण्यात बुडतो आणि अनेक फोटो एकत्र करून छोट्या सेन्सरची उणीव बरीच झाकतो. पण ओल्या काचेवर बोट चालत नाही, हातमोज्यांनी तर नाहीच, आणि खडकावर आपटला की बँकेपासून आधारपर्यंत सगळंच बंद. रग्ड कॅमेऱ्याला आज जागा उरली आहे ती एवढीच: पाण्यातली, चिखलातली आणि एक सेंटिमीटरवरची.

ज्याच्याकडे चांगला मोबाइल आहे आणि जो धबधबे, डोंगररांगा, गडावरचे दरवाजे टिपतो, त्याने रग्ड कॅमेरा फक्त फुलं-किड्यांसाठी घ्यावा, नाहीतर घेऊच नये. ज्याला पक्षी, शेकरू, शर्यत हवी त्याने नवी बॉडी घेण्यापेक्षा जुनी मिररलेस बॉडी आणि नवी लांब लेन्स घ्यावी. उजेडाचं दार लेन्समध्ये असतं, बॉडीत नाही. जुनी लेन्स मिळत असेल तर मागून टॉर्च मारून आत बघावं, बुरशीचे तंतू लगेच दिसतात. रग्ड कॅमेरा मात्र जुना घेऊ नये. त्याची रबरी पट्टी शेवटची कधी बदलली हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.